दुसऱ्या शनिवारची निमंत्रणं

२ फेब्रुवारी

कंपनीचं पत्र आलं. एक ऑक्टोबरपासून घरून काम बंद, सगळ्यांनी मुख्य ऑफिसात येऊन बसायचं. ज्यांना जमणार नाही त्यांनी एकतीस ऑगस्टपर्यंत कळवावं, म्हणजे कंपनी त्यांना पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा देईल. मुख्य ऑफिस इथून रेल्वेने अकरा तासांवर, काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. तिथे मी नऊ वर्षं काढली. तिथल्या लिफ्टचं दार अजून माझ्या स्वप्नात उघडतं आणि आत कुणी नसतं.

आई गेल्यावर बाबा एकटे पडले म्हणून दोन वर्षांपूर्वी मी इथे, या घरी आले. त्यांना सोडून जाणं शक्यच नाही. तसं ते बोलून दाखवत नाहीत, पण त्यांना माझा आधार आहे. वरच्या खोलीत दिवसभर माझं काम चालू असतं, जेवणाचं ताटही मी वरच नेते. खाली ते असतात. घरात कुणीतरी आहे, एवढंसुद्धा म्हाताऱ्या माणसाला पुरतं.

९ फेब्रुवारी

दिवेलागणीला फिरायला गेले होते. त्या वेळी काही खिडक्या निळसर होतात. टीव्हीचा निळा नाचत असतो, कॉम्प्युटरचा स्थिर असतो. कालव्यापर्यंत जाऊन येईतो स्थिर निळ्या सतरा खिडक्या मोजल्या. सतरा माणसं आपापल्या पडद्यापुढे बसलेली, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. यातलं कुणीतरी आत्ता नेमकं माझ्यासारखंच अडकलं असेल, असं वाटून मला उगाचच भरून आलं.

मग चालता चालता मी एक खोली बांधली. मोठी, उंच छताची, दुपारच्या उन्हाची. त्या सतरा जणांना आणून बसवलं. कुणी फळ्यावर काहीतरी काढत होतं, कुणी हसत होतं. घरी आले तेव्हा खुर्च्यासुद्धा मांडून झाल्या होत्या. मधे एका खड्ड्यात पाय गेला, तो आता सुजलाय.

१५ फेब्रुवारी

लॅपटॉपची बिजागरी दाखवायला दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याचं दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास घ्यायला बाहेर जावं असं. त्याला म्हटलं, "या शहरात आपल्या कॉम्प्युटरच्या धंद्यातली किती माणसं असतील?"

"आहेत की मॅडम. पण सगळी आपापल्या बिळात. मीसुद्धा बघा ना," असं म्हणून त्याने दुकानावरून नजर फिरवली.

अशा माणसांना महिन्यातून एकदा जमवायला जागा हवी म्हटल्यावर त्यानेच टायपिंगबाईंचं नाव सुचवलं. त्यांचा टायपिंग क्लास दुसऱ्या शनिवारी बंद असतो. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खोली घे. माझ्या यंत्रांना हात लावायचा नाही." उंच छत आहे! दुपारचं ऊनही येतं. झाकणं घातलेली तेवीस यंत्रं भिंतीशी शहाण्यासारखी बसली आहेत.

आता मनाशी ठरवलं आहे. ऑगस्टच्या आत एका शनिवारी तीस माणसं जमली, तर इथे माझ्या कामाला जागा आहे असं समजायचं. इथेच राहायचं, या लोकांबरोबर छोटी छोटी कामं घ्यायची. तीस नाही जमली तर सातवा मजला. तीसच का, ते मलाही सांगता येणार नाही.

१ मार्च

जाहिरातीचे कागद दुरुस्तीवाल्याच्या दुकानात, वाचनालयात आणि पॅथॉलॉजी लॅबबाहेर लावून झाले. त्यावर नाव-नंबर नोंदवायला ईमेलचा पत्ता आणि घरचा खालचा फोन नंबर दिलाय. माझा मोबाइल नंबर द्यायचा नव्हता. अनोळखी नंबरवरून फोन आला की मी उचलतच नाही. ऑफिसातल्या माणसांशीसुद्धा मी लिहूनच बोलते.

ईमेलने निमंत्रणं पाठवणारा प्रोग्रॅमही आज लिहिला. आधी सगळी निमंत्रणं माझ्याच पत्त्यावर पाठवून पाहिली. ढीग होऊ नये म्हणून ती एका वेगळ्या कप्प्यात आपोआप जातील असं करून ठेवलं. सुंदर चालतं. प्रत्येकाचं नाव घालून, प्रत्येकाला वेगळं. एक बटण दाबलं की झालं.

४ मार्च

निमंत्रणं गेली! पडद्यावर लिहून आलं, 'एकोणीस निमंत्रणे यशस्वीरीत्या पाठवली.' मी खुर्चीतच एक गिरकी घेतली.

बाबा जिन्यात येऊन म्हणाले, "अगं, तो लेथ मशीनवाला फोनवर विचारत होता. त्याला काही मिळालं नाही म्हणे."

"स्पॅममध्ये गेलं असेल, बाबा. त्याला नीट शोधायला सांगा."

"बरं," म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा आले आणि नावांची यादी छापून मागितली. नंबरांसकट, मोठ्या अक्षरात. त्यांना काहीतरी हातात असल्याशिवाय बरं वाटत नाही. आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं, इकडची वायर तिकडे जोडण्यात. दिली छापून.

८ मार्च

पहिला शनिवार. चारजण, त्यात मी आणि बाबा धरून! बाबा दाराशी वही घेऊन बसले होते. बाकीचे दोघे म्हणजे दुरुस्तीवाला आणि पॅथॉलॉजी लॅबमधल्या एक बाई, ज्या तिथल्या नोंदींसाठी स्वतःच छोटे छोटे प्रोग्रॅम लिहितात. कुणी बोलेना. चार दिवस पाठ केलेलं भाषण मी साफ विसरले.

शेवटी दुरुस्तीवालाच म्हणाला, "मी सांगू? काल मी एका गिऱ्हाइकाचा फोन चांगला करता करता बंद पाडला. तिच्या लग्नाचे फोटो होते त्यात. तिला अजून सांगितलं नाही." लॅबवाली एकदम हसली आणि म्हणाली, "मी गेल्या आठवड्यात बारा पुरुषांना गरोदर दाखवलं." आणि त्या खोलीत जीव आला. फोटो परत कसे मिळवायचे यावर तासभर गेला. आता ठरलंय, दर वेळी सुरुवात याच फेरीने. प्रत्येकाने उठून या महिन्यात आपण काय बिघडवलं ते सांगायचं.

१२ एप्रिल

अकरा! या वेळी मी निमंत्रणाच्या विषयाची ओळ बदलली होती. आधी 'मासिक मेळावा' असं रुक्ष होतं, आता 'या शनिवारी काय बिघडलं?' असं केलं. शब्दांत किती ताकद असते!

लेथवालाही आला होता. त्याचं लेथ मशीन कॉम्प्युटरवर चालतं, त्याच्या सूचना तो हाताने लिहितो. माझ्यापेक्षा नीट लिहितो. एक आकडा चुकल्यामुळे त्याने चाळीस बोल्ट उलट्या आट्यांचे केले, ते सगळ्यांना एकेक वाटले. माझा टेबलावर आहे. कुठल्याच नटमध्ये जाणार नाही, म्हणून आवडतो.

२२ एप्रिल

खालून बाबांचा फोनवर बोलण्याचा आवाज येत असतो. तासन्‌तास. कुणाशी बोलतात कोण जाणे. आज ऑफिसची मीटिंग चालू असताना खाली जाऊन म्हटलं, "बाबा, जरा हळू."

"बरं," म्हणाले, आणि फोन घेऊन मागच्या अंगणात गेले. खिडकीतून दिसत होते. फोनची लांब वायर दारातून ओढून घेतलेली, आणि हातवारे करकरून कुणाला तरी काही समजावत होते. म्हातारपणी माणसं जुन्या ओळखी धरून ठेवतात.

१० मे

एकोणीस. या वेळी निमंत्रण सकाळी दहाऐवजी संध्याकाळी सहाला पाठवलं होतं. लोक त्या वेळी निवांत असतात, हा माझा अंदाज खरा ठरला. निमंत्रणाच्या वेळेबद्दल एक टिपण लिहायला हवं, इतर शहरांतल्या लोकांना उपयोगी पडेल.

परतताना बाबा म्हणाले, "लॅबवालीची सासू आता बरी आहे." मी विचारलं, "तिला सासू आहे?"

१४ जून

चोवीस. बाक कमी पडले. टायपिंगबाई मागे बसून सगळं ऐकतात आणि काही कळलं नाही तर सरळ हात वर करतात. आज त्यांनीही फेरीत भाग घेतला. म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं मुलांना न बघता टाइप करायला शिकवलं. आता सगळे दोन अंगठ्यांनी करतात. माझं काय बिघडलं ते तुम्हीच सांगा." मग लेथवाला म्हणाला, "बाई, मला शिकवा. मला अजून बघून करावं लागतं." बाईंनी उठून एका यंत्रावरचं झाकण काढलं. ऊन आत येत होतं, धूळ हळूहळू वर चढत होती, आणि तो दणकट माणूस पहिलीतल्या मुलासारखा बोटं ठेवून बसला. फेब्रुवारीत मी चालता चालता बांधलेली खोली हीच होती. मला तिथून उठावंसंच वाटेना.

१२ जुलै

अठ्ठावीस. दोन कमी! पुढच्या महिन्यात होणारच.

बाबांचा आवाज पार बसलाय. दारात लोकांना 'या, या' म्हणताना नुसती हवा येत होती.

१८ जुलै

बाबांना घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे, साधीच आहे, पण काढावी लागेल. जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, "गायक किंवा शिक्षक लोकांना होते अशी. हे काय करतात?"

"निवृत्त आहेत."

"मग एवढं कुणाशी बोलतात?"

"कुणाशीच नाही," मी म्हटलं. "घरात आम्ही दोघंच." बाबा भिंतीवरचं घशाचं चित्र बघत होते.

३० जुलै

गाठ काढली. चार आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त त्रास होतो म्हणे. शर्टाच्या खिशात कागदाचे तुकडे आणि पेन्सिल. पहिली चिठ्ठी नर्सला लिहिली, 'तुमचा मुलगा पास झाला का?' नर्सला मुलगा आहे हे यांना कधी कळलं?

४ ऑगस्ट

घर फार शांत आहे. मला वाटलं होतं काम भराभर होईल. होत नाही. मधेच हात थांबतो आणि मी कशाची तरी वाट बघते, कशाची ते कळत नाही.

दुपारी बाबांनी जिन्याच्या पायरीवर चिठ्ठी ठेवली होती, 'शनिवारचे फोन राहिलेत. तू करशील?' मी खाली जाऊन सांगितलं, "बाबा, निमंत्रणं गेलीत सगळ्यांना. सत्तेचाळीस. तुम्ही निवांत पडा." त्यांनी दुसरा कागद घेतला, पेन्सिल टेकवली आणि मग तो काहीच न लिहिता खिशात घातला.

९ ऑगस्ट

पाच.

मी, दुरुस्तीवाला, लॅबवाली, लेथवाला, टायपिंगबाई. बाबा घरी. मी तीस बाकांची सोय करून ठेवली होती. शेजारच्या शिकवणीतून आणलेले सात बाक लेथवाल्याने एकट्याने परत नेले.

घरी येऊन कंपनीला पत्र लिहिलं, 'एक ऑक्टोबरला हजर होईन.' फक्त पाठवायचं राहिलंय. हवेत इमले बांधायची माझी जुनीच सवय. या शहराला माझी गरज नाही, हे एकदा कळलं ते बरं झालं. बाबांसाठी दिवसभराची बाई बघावी लागेल.

१० ऑगस्ट

पत्र पाठवलं नाही. झालं ते असं.

सकाळी लॅपटॉपची वायर आणायला दुरुस्तीवाल्याकडे गेले. म्हटलं, "संपलं आपलं. लोक कंटाळले."

"कंटाळले कुठे? काकांचा फोन आला नाही, म्हणून लोकांना वाटलं या वेळी नाही."

"कसला फोन?"

"दर महिन्याचा. सगळ्यांना करतात की ते. तुम्हीच सांगितलं असेल ना त्यांना?"

"पण माझी निमंत्रणं?"

तो स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन तसाच उभा राहिला. "कसली निमंत्रणं, मॅडम?"

घरी पळत आले. तो वेगळा कप्पा उघडला. न वाचलेली पत्रं एकशे एकोणनव्वद. पहिल्या दिवशी चाचणीसाठी माझा पत्ता घातला होता, तो मी काढलाच नाही. सहा महिने सगळ्या शहराला बोलावलं आणि सगळी निमंत्रणं माझ्याकडेच आली. प्रत्येकावर वेगळं नाव, खाली तीच ओळ: 'तुम्ही आलात तर आम्हाला फार आनंद होईल.' मी कपाळाला हात लावून एकेक वाचत बसले. आपल्याला कुणी इतक्या वेळा बोलावलंय, हे आधी कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग खाली गेले. बाबा झोपले होते. वही उशाशी होती. प्रत्येक नंबरापुढे त्यांचं बारीक अक्षर. 'लेथवाला: मुलीला शाळेत प्रवेश मिळाला का.' 'लॅबवाली: सासूचा गुडघा.' 'शाळेच्या संगणक शिक्षिका: गर्दीत घाबरतात, दाराशी जागा ठेवणे.' असे सत्तेचाळीस. अंगणात जाऊन रडले. 'जरा हळू' म्हणाले होते मी त्यांना.

१२ ऑगस्ट

तेवीस तारखेला जादा शनिवार ठरवलाय. फोन मीच करणार.

काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं. पहिला फोन लावला आणि एका दमात सगळं वाचून दाखवलं. पलीकडून उत्तर आलं, "मला काही घ्यायचं नाही," आणि फोन बंद. आज एवढंच. घाम पुसून झोपले.

१३ ऑगस्ट

पुन्हा तोच नंबर. या वेळी आधी सांगितलं मी कुणाची मुलगी ते. "अगंबाई! काकांची वरची का?" मग वीस मिनिटं. काका कसे आहेत, काय खातात, बोलायला कधी लागणार.

सगळे मला 'काकांची वरची' म्हणतात. तेरा फोन झाले. तेरा वेळा तेच.

१९ ऑगस्ट

एकेचाळीस झाले. अजूनही नंबर लावण्याआधी कागद दोनदा वाचून घेते, पण पलीकडून कुणी बोललं की तो बाजूला राहतो. लॅबवालीच्या सासूचा दुसरा गुडघा आता दुखतोय. संगणक शिक्षिका पाच वर्षांपूर्वी माझ्याच कंपनीत होत्या, त्याच सातव्या मजल्यावर, आणि आम्ही लिफ्टमध्ये कधी एकमेकींना पाहिलं नाही.

बाबा समोर बसून ऐकतात. मी फार घाईने फोन ठेवला की बोटाने टेबलावर टकटक करतात. मग मी पुन्हा लावते आणि घरच्यांची चौकशी करते.

२३ ऑगस्ट

सव्वीस.

फेरीत पहिली मी उठले. "मी सहा महिने तुम्हा सगळ्यांची निमंत्रणं स्वतःलाच पाठवली," असं सांगितलं. आधी कुणाला कळलंच नाही, मग दुरुस्तीवाल्याला कळलं, आणि मग खोलीभर जे हसू फुटलं ते थांबेना. टायपिंगबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बघून टाइप करायचं होतंस गं एकदा तरी!" बाबा दाराशी बसून नुसते खांदे हलवून हसत होते, आवाज न करता.

नंतर लोकांनी बाबांची यादी पाच जणांत वाटून घेतली. माझ्या वाट्याला नऊ नंबर. कुणी मला विचारलंसुद्धा नाही.

पण सव्वीस म्हणजे तीस नव्हे. मी मनाशी शब्द दिला होता. आणि सगळी माणसं बाबांची; माझी किती? आठ दिवस उरलेत.

२७ ऑगस्ट

डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली. रोज पाच मिनिटं, हळू, घड्याळ लावून. घरी आल्यावर मी फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला. "कुणाला लावू? दुरुस्तीवाल्याला? सगळे वाट बघतायत."

त्यांनी फोन बाजूला सरकवला. समोरची खुर्ची दाखवली. "तू बस," म्हणाले. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला, पातळ, खरखरीत.

मी घड्याळ लावलं. मग ते सांगायला लागले. न्हाणीघरातला नळ गळतो. मागच्या दाराची कडी पावसात फुगते. समोरच्या घरात नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांची मुलगी सायकल शिकते आणि रोज आपल्याच फाटकावर येऊन आदळते. मी मान डोलावत होते आणि माझं लक्ष काट्याकडे होतं. चार मिनिटं झाली तेव्हा राहवेना. म्हटलं, "बाबा, एक मिनिट उरलंय. महत्त्वाचं काही असेल तर बोला. मी जाऊ की राहू, ते सांगा."

"महत्त्वाचंच बोलतोय," ते म्हणाले. "तू आलीस तेव्हा वाटलं, आता घरात बोलायला माणूस आलं. तू गेलीस वर. तुझं काम असतं, तुला हाक कशी मारायची? नळ गळतो हे मी गावभर सांगितलं. तुला सांगायचं राहिलं होतं."

घड्याळ वाजलं. ते शिस्तीचे आहेत, तिथेच गप्प झाले. मग खिशातून कागद काढून त्यांनी लिहिलं, 'जायचं तर जा. पण इतके दिवस माझ्यासाठी थांबलीस असं म्हणू नकोस.'

३० ऑगस्ट

कंपनीला 'नाही' कळवलं. तीसचं कारण दिलं नाही, बाबांचंही दिलं नाही. मला इथे राहायचं आहे, एवढंच लिहिलं. त्यांनी लगेच शुभेच्छा दिल्या. संगणक शिक्षिकांच्या शाळेचं एक छोटं काम आलंय, लॅबवाली आणि मी मिळून करणार आहोत. पुढे काय होईल माहीत नाही. भीती वाटतेच.

दुपारी दुरुस्तीवाल्याला आणि लेथवाल्याला बोलावून माझं टेबल खाली आणलं. जिन्याच्या वळणावर ते अडकलं, भिंतीचा पोपडा गेला. आता ते बाबांच्या खुर्चीसमोर आहे. आज त्यांना दहा मिनिटांची परवानगी होती. ती त्यांनी एकदम वापरली नाही, दिवसभर थोडी थोडी करून वापरली. मी एखादी ओळ अर्धी लिहिली की मधेच काहीतरी सांगायचे आणि माझी ओळ चुकायची. संध्याकाळपर्यंत काम अर्धंसुद्धा झालं नाही.